तिसरा पाट

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, लोणार पाहिलं का? नाही पाहिलं. मग शेगाव? तेही नाही. मग गेलीस तरी कशाला? तर थुंकी गोळा करायला. हे ऐकून शेजारच्या काकूंनी हातातला कप खाली ठेवला आणि विषय बदलला. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

माझं काम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत. शरीरातली पेशी दुरुस्त न होण्याइतकी बिघडली की तिने स्वतःहून मरायचं, असा आपल्या शरीराचा कायदा आहे. तसा हुकूम देणारी जनुकं असतात. त्यांतच खोट निघाली की हुकूम सुटत नाही, बिघडलेली पेशी जगते, पसरते, आणि मग आपण त्याला कॅन्सर म्हणतो. मरायला हवं तेव्हा न मरणाऱ्या पेशींच्या मागे मी उभं आयुष्य घालवलंय. नवरा म्हणतो, तुझ्याशी लग्न केलं आणि घरात रोज मरणाच्या गप्पा सुरू झाल्या.

मागच्या वर्षी आमच्याकडे सरिताचा नमुना आला. वय नुकतंच तिशी ओलांडलेलं, स्तनाचा कॅन्सर, सासर बुलढाणा जिल्ह्यातलं वडनेर भोलजी, माहेर त्याच जिल्ह्यातलं धाड. उपचारांसाठी ती आणि तिचा नवरा गणेश पुण्यात खोली घेऊन राहत होते. तिच्या एका जनुकात मला एक बदल दिसला. पण असा बदल आधी फारसा कुठे नोंदलेला नव्हता, त्यामुळे तो चोर की साव हे काही ठरेना. ठरवायचं तर घराण्यात हा आजार कोणाकोणाला झाला आणि हा बदल कोणाकोणात आहे, ते बघावं लागतं. सरिताला एक धाकटी बहीण होती, अर्चना. बदल चोर ठरला असता तर अर्चनाला आजार होण्याआधीच तपासून सावध करता आलं असतं. नाहीतर तिचं सगळं नशिबावर. माझा जीव अडकला होता तो या मुलीत, जिला मी पाहिलंही नव्हतं.

सरिताला विचारलं, माहेरी कोणाला असा आजार? "कोणालाच नाही, मॅडम." तिच्या वडिलांना, भास्कररावांना, धाडला फोन केला. "आमच्या घरात आजपावतर कोणाले असं झालं नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा उचललाच नाही. झालं, माझं डोकं फिरलं. मी तिकीट काढलं.

"पितृपक्ष चालू आहे, आता कुठे निघालीस?" नवरा म्हणाला.

"कॅन्सर काय पंचांग बघून येतो का?" म्हटलं, आणि थुंकी गोळा करायच्या नळ्या बॅगेत भरल्या. आधी आमच्या घरी वडनेरला जा, तिथून धाडची सोय होईल, असं गणेशनेच सुचवलं.

वडनेर भोलजी

नांदुऱ्याला उतरले तेव्हा ऊन असं कडक होतं की भाद्रपद आहे यावर विश्वास बसेना. हायवेवरच्या त्या प्रचंड मारुतीला हात जोडले आणि गणेशच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, पाठवलेल्या ऑटोत बसले. दोन्ही बाजूंना पिवळट पडत चाललेलं सोयाबीन आणि फुलावर आलेली कपाशी. वडनेरला ऑटोतून पाय खाली टाकला तो थेट काळ्या चिखलात. पाय वर आला, चप्पल नाही आली. माझी गावातली एंट्री एका पायात चप्पल आणि एका पायात चिखलाचा मोजा अशी झाली.

"काऊन उतरल्या तिथं? पुढं फरशी हाय नं!" दारातून एक बाई हसत हसत ओरडली. ही मंगलाकाकू, नामदेवकाकांच्या धाकट्या भावाची बायको. घर आता तीच सांभाळते. तिने माझे पाय धुतले, पुसले, आणि मी नको नको म्हणेपर्यंत ताटात भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला "जेवणार ना?" असं विचारतात. इथे "जेवून राह्यल्या ना?" असं विचारतात, तेही तुमच्या तोंडात घास असताना.

नामदेवकाका मात्र माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. ओसरीवर बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीत पूर्वी दार होतं हे नव्या विटांवरून कळत होतं.

"हे दार कधी बंद केलं?" मी विचारलं.

"माही बायको गेली त्या वर्षी. विहीरही बुजवली. सांगणारानं सांगतलं, हे घर बाधलं हाय. सून टिकत नाही या घरात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सरिता. तिले तरी वाचवा."

मी वैज्ञानिक माणूस. बाधलेल्या घराच्या गोष्टी ऐकायला मला वेळ नव्हता, मला धाडला जायचं होतं. खरं सांगायचं तर मनातून मी वैतागलेच. विहीर बुजवून कुठे आजार बरे होतात?

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. मला ती कॅलेंडरवरच्या बारीक अक्षरांतून तेवढी माहीत. आमच्या घरचा पितृपक्ष एका संस्थेला शिधा पाठवला की संपतो. मंगलाकाकूने समजावून सांगितलं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या घरच्या बायकांसाठी ही नवमी. गेलेल्या प्रत्येकीच्या नावाचा एक पाट मांडायचा, त्यावर एक सवाष्ण बसवायची, तिला पोटभर जेवू घालायचं. ती तृप्त झाली की गेलेली तृप्त होते. या घरात दोन पाट असायचे. एकावर मंगलाकाकू स्वतः बसायची. दुसऱ्यासाठी सवाष्ण मिळत नव्हती.

"गल्लीतल्या बाया बहाणे करतात," काकू म्हणाली. "कोणाचं पोट दुखते, कोणाचे पाव्हणे येतात. या घरच्या पाटावर बसाले भेतात, ताई. तुम्ही बसता का?"

"मी? माझ्या गळ्यात मंगळसूत्रसुद्धा नाही."

"नवरा हाय ना?"

"आहे. पुण्यात."

"मंग झालं तं!"

अशी मी सवाष्ण झाले. काकूची जरीकाठी साडी नेसले. हिरव्या बांगड्या माझ्या हातात जाईनात, साबण लावून चढवताना त्यातली एक फुटली. मी म्हटलं, "अरेच्चा, फुटली." काकूने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "वाढली म्हणा, माय! आजच्या दिवशी तरी वाढली म्हणा."

स्वयंपाकघरात रांगोळी काढून दोन सागवानी पाट मांडले होते. तशाच घडणीचा तिसरा पाट भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. नामदेवकाका आत आले, त्यांची नजर गेली, आणि त्यांनी तो उचलून दाराआड नेऊन ठेवला. पुण्यात औषधांनी केस गेलेली सरिता माझ्या डोळ्यांसमोर आली आणि तो पाट कोणाच्या वाटचा असेल ते मला कळलं.

ताट मात्र असं, की एरवी मी तुटूनच पडले असते. कढी, उडदाचे वडे, तांदळाची खीर, लाल कोहळ्याची भाजी, पुरणपोळी आणि तिच्यावर तुपाची वाटीच उपडी. काकांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. माझ्या पाटासमोर हात जोडून म्हणाले, "आई, जेव." आणि काकूच्या पाटासमोर नुसतेच उभे राहिले.

"मी कोणाच्या नावाने बसलेय?" मी विचारलं. कोणाच्या वाटचं जेवतोय हे तरी माहीत असावं ना!

"माह्या आईच्या. गंगाबाई. गणेश लहान होता तेव्हा गेली. छातीत गाठ झालती. अन् मंगला बसली ते शांताच्या नावानं. माही बायको, गणेशची आई. तिलेही तेच." काकांनी काकूच्या ताटात आणखी एक वडा वाढला. "आईनंच आणलती तिले सून म्हणून. आपल्या भावाची पोरगी. धाडची."

माझा घास हातातच राहिला. "धाडची? म्हणजे गंगाबाईंचं माहेरही धाडच?"

"हाव. अन् सरिताही तिथलीच, शांताची भाची. आमच्या घरात मोठी सून धाडच्या त्याच घरातून येते. आत्याच्या घरी भाची. पहिल्यापासून रीतच हाय."

चूक कुठे होती ते आत्ता लख्ख दिसलं. मी सरिताला माहेर विचारलं होतं. सासरचं कशाला विचारू? सासूचं रक्त सुनेत नसतं. पण इथे सासू म्हणजे सख्खी आत्या आणि आजेसासू म्हणजे वडिलांची आत्या! सरिता खोटं बोलली नव्हती. लेक दिली की ती दिल्या घरची, तिचं दुखणंही दिल्या घरचं. धाडच्या घरात कोणी मेलंच नव्हतं. त्यांच्या मुली मरत होत्या वडनेरला, आणि पाट मांडले जात होते वडनेरला.

"काकू, तुमचं माहेर?"

"मोताळा."

"आणि तुम्हाला काही झालं नाही. घर हेच. विहिरीचं पाणीही हेच प्यायलात."

"मले काय होते? म्या तं दगड खाऊन पचवते." ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. नामदेवकाकांच्याही काहीतरी लक्षात आलं असावं. ते त्या विटांच्या भिंतीकडे वळून बघत राहिले.

"आधी जेवा तुम्ही," काकू मला म्हणाली. "सवाष्ण उपाशी उठत नसते." मी जेवले. शेवटच्या घासापर्यंत जेवले, आणि गंगाबाईंना मनातल्या मनात सांगितलं की आता मी धाडहून रिकाम्या हाताने परत येणार नाही.

घाट चढून

नामदेवकाका धाडला यायला तयार होईनात. "ते म्हणतात, तुमच्या घरानं आमच्या पोरी खाल्ल्या. कोणत्या तोंडानं जाऊ?" तेव्हा मंगलाकाकूने पिशवी उचलली. "म्या येते. मले पाहू द्या नं त्याहिले."

जीपमध्ये माणसं अशी बसवली होती की माझा एक पाय माझाच आहे का, हे तपासावं लागत होतं. मोताळ्याला काकूचा भाऊ स्टँडवर उभा होता. त्याने खिडकीतून पेरूची पिशवी आत कोंबली आणि जीप सुटली. भावाबहिणीची भेट तेवढीच, पण काकू पुढे राजूर घाट संपेपर्यंत डोळे पुसत होती आणि पेरू वाटत होती. घाटात हवा गार झाली. हिरवे डोंगर, कठड्यावर माकडं, आणि खाली सगळा सपाट मुलूख. माझ्या मनात मात्र भास्कररावांशी भांडणाची तालीम चालू होती.

धाड

धाडला बाजाराचा दिवस होता. बोली जरा बदलली. वडनेरला सगळं "मले, तुले", इथे बाजारात निम्मे लोक "मला, तुला" म्हणत होते. जालना जवळ आलं होतं. भास्कररावांचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणात हिरव्या मिरचीची पोती भरणं चालू होतं. मी दारातच इतक्या शिंका दिल्या की माझी ओळख करून द्यायचं काम काकूलाच करावं लागलं.

भास्करराव उंच, करडे, गालात तंबाखूची गोळी. माझं नाव कळल्यावर त्यांचा चेहरा आखडला. पण पाहुणी दारात आलेली, चहा आलाच. चहा घेऊन आली ती अर्चना. बी.एड. झालेली, सरितासारखीच हनुवटी. तिला चिखलीचं स्थळ आलं होतं.

"वडनेरशी आता आमचं संपलं," भास्करराव म्हणाले. "आत्या दिली, बहीण दिली, लेक दिली. आता ही चिखलीले जाईल. त्या घरात पाय नाही ठेवणार, म्हणजे सुखी राहील."

"भाऊ, ती कुठेही गेली तरी रक्त सोबत घेऊन जाणार आहे," मी म्हटलं. गोड बोलायचं असं ठरवून आले होते, पण मला ते जमत नाही.

"म्हणजे? खोट आमच्यात हाय?"

"असू शकते. आणि ती पुरुषांतूनही पुढे जाते. तुम्हाला स्वतःला काही होणार नाही कदाचित, पण मुलीला देऊ शकता."

ते ताडकन उठले. "घरात पोरीचं लग्न ठरून राह्यलं, अन् तुम्ही इथं येऊन हे बोलता? चिखलीवाल्याहिले कळलं तं? उठा! चहा घ्या अन् उठा!"

"उठते," मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "जबरदस्ती करायचा मला काही हक्क नाही. पण तीन बायकांना एकच दुखणं झालंय आणि तुम्ही एका घराच्या भिंतींना दोष देत बसलाय!"

मंगलाकाकू इतका वेळ पदराशी चाळा करत होती. ती म्हणाली, "भास्करराव, म्या त्याच घरात राह्यते. शांता होती तेव्हापासून. त्याच विहिरीचं पाणी पिली. मले पाहा."

भास्करराव खरंच तिच्याकडे बघत राहिले.

"बाबा," अर्चना म्हणाली. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला. "मागच्या साली आपण दोन नर्सरीतली मिरचीची रोपं आणली. वावर एक, पाणी एक. एका नर्सरीचं सगळं चुरडलं, दुसरीचं तरारून आलं. तेव्हा तुम्ही वावराले शिव्या दिल्या का?"

"रोपं अन् लेकरं एक नसतात, अर्चू."

"हाव. म्हणून तं म्हणते. रोपं तुम्ही उपटून फेकली. मले फेकायचं नाही, पाहायचं हाय फक्त." मग माझ्याकडे वळून, "काय करा लागते, मॅडम?"

"नळीत थुंकायचं. पण त्याआधी नीट समजून घे. उत्तर वाईटही येऊ शकतं. एकदा कळलं की कळलं नाही असं करता येत नाही."

"अन् चिखलीवाले?" भास्कररावांचा आवाज आता चढलेला नव्हता. घाबरलेला होता.

"म्या सांगीन त्याहिले. मोडलं तं मोडलं. ताई तिकडं मरणाशी झगडून राह्यली, अन् म्या इकडं हळद लावून गप बसू?"

त्या मुलीची मला अशी काही माया दाटून आली की मी नळी शोधायच्या निमित्ताने बॅगेत तोंड घातलं. गेल्या अर्ध्या तासात तिने काही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे लगेच चालणार होतं. भिंतीकडे तोंड करून, लाजत, थांबत थांबत तिने नळी भरली. मी झाकण लावलं, नाव लिहिलं.

"मलेही द्या," भास्करराव म्हणाले.

"तुम्हाला आत्ता चालणार नाही. तोंडात तंबाखू आहे. चूळ भरून अर्धा तास काही न खातापिता बसावं लागेल."

"हे व्हाचं नाही," काकू माझ्या कानात कुजबुजली. "शांता सांगे, हा झोपेतही गोळी सोडत नाही."

भास्करराव हौदावर गेले. गालातली गोळी थुंकली, एकदा, दोनदा, चार वेळा खळखळून चूळ भरली, आणि येऊन मिरचीच्या पोत्यावर बसले. खिशातली डबी त्यांनी अर्चनाच्या हातात दिली. अर्धा तास तो माणूस तोंड मिटून बसला होता. मधेच एकदा म्हणाले, "शांता लहानी होती माह्याहून. दुखणं लपवलं तिनं. माहेरी कळवू नका म्हणे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग हात पुढे करून म्हणाले, "आणा ते."

परतल्यावर

दोन्ही नळ्या घेऊन मी पुण्याला आले. गणेशचाही नमुना घेतला. शांताबाई नव्हत्या, पण त्यांचा मुलगा होता. सरिताचा तो बदल भास्कररावांत निघाला, गणेशमध्ये निघाला, आणि अर्चनामध्येही. अर्चनाचा निकाल हातात आला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमच्या क्षेत्रात एका घराण्यावरून फाशी सुनावत नाहीत, पण तो बदल साव नाही एवढं म्हणण्याइतका पुरावा जड झाला होता. प्रयोगशाळेतल्या पेशींनीही तेच सांगितलं. मरणाचा हुकूम त्यांच्यात सुटतच नव्हता.

अर्चनाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडली. मग तोंड धुऊन आली आणि विचारलं, "आता पहिलं काय कराचं?" तिची तपासणी तेव्हापासून ठरल्या वेळी होते आणि आजपर्यंत ती स्वच्छ आहे. गणेशलाही डॉक्टरांनी त्याच्यापुरतं काय सांभाळायचं ते समजावलंय. चिखलीवाले "विचार करून कळवतो" म्हणाले आणि त्यांनी काही कळवलं नाही. "बरं झालं, आधीच कळलं," अर्चना म्हणते. ती आता बुलढाण्याला शाळेत शिकवते.

यंदा पितृपक्षात मला जाता आलं नाही. नवमीच्या दुपारी नामदेवकाकांचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका.

"मॅडम, दार फोडलं आम्ही परत. उजेड आला घरात."

"आणि नवमी?"

"झाली नं. धाडहून भास्करराव आले, अर्चना आली. आजवर आले नव्हते बहिणीच्या नवमीले. आईच्या पाटावर मंगला बसली. अन् शांताच्या पाटावर सरिता. केस आले तिचे आता, बोटभर. दोनदा खीर मागून घेतली."

मग भीत भीत विचारलं, "आणि तिसरा पाट, काका?"

"तो भास्कररावानं कुऱ्हाड घेऊन फोडला अन् चुलीत घातला," काका म्हणाले. "आजची कढी त्याच्यावरच झाली. लय चांगली झाली."